खालच्या दर्जाचा गट

साहेब पेनाच्या टोपणाने कान कोरायचे. बैठकीत, जिन्यात, लिफ्टमध्ये, समोर कोणी रडत असलं तरी. कोरून झालं की टोपणाचं टोक उजेडात धरून नीट निरखायचे आणि पेनाला परत बसवून टाकायचे. त्यामुळे टोपण हेच त्यांचं टोपणनाव पडलं होतं. त्यांच्या पेनाने सही करायची वेळ आली की लोक स्वतःचं पेन शोधायला पार दुसऱ्या मजल्यावर जाऊन यायचे.

टोपणसाहेब त्या दुपारी तळघरात उतरले तेव्हा डिस्कताई एकटीच होती. रुग्णालयात जे जे संगणकात जात होतं, पेशंटचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, हाडांचे नि मेंदूचे फोटो, ते सगळं शेवटी तिच्या खोलीतल्या दोन उंच काळ्या कपाटांत येऊन साठायचं. म्हणून ती डिस्कताई. कपाटांत शेकडो डिस्क होत्या, काही जलद, काही संथ. त्यांतून जागेचे तुकडे पाडायचे, एकेका विभागाचे तुकडे एकत्र बांधून त्यांचा गट करायचा, आणि त्या गटाला दर्जा लावायचा: हिरा, सोनं नाहीतर पितळ. हिऱ्याच्या गटाला जलद डिस्क मिळायच्या, पितळेच्या गटाला उरल्यासुरल्या. अकरा वर्षं ती हेच काम करत होती आणि चांगलं करत होती. अकरा वर्षांत एकाही पेशंटचा एकही कागद तिने हरवू दिला नव्हता, याचा तिला मनातून अभिमान होता.

साहेबांनी हातातला चहाचा कप कपाटावर ठेवला. तिथे काहीही ठेवायचं नाही अशी पाटी होती. पाटीवर सही साहेबांचीच होती.

"ताई, फोटोंचा गट कुठल्या दर्जावर आहे?"

"हिऱ्यावर. पहिल्यापासून."

"तो पितळेवर टाका. आणि प्रसिद्धीवाल्यांचा वर घ्या. रुग्णालयाच्या पंचवीस वर्षांची फिल्म करतायत ते. म्हणे संपादन करताना चित्र अडखळतं."

"साहेब, फोटो डॉक्टर दिवसभर उघडतात."

"नवे उघडतात. नवे फोटो मशिनशेजारच्या डिस्कवरच असतात की. आपल्याकडे येतात ते जुने. जुने फोटो कोण बघत बसतं?" साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "आणि वेगाला मर्यादाही घाला. म्हणजे फिल्मच्या वाटेत यायला नकोत. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"बदलाचा फॉर्म?"

"मागाहून भरू हो. फिल्म रुग्णालयाचे अध्यक्ष स्वतः बघतायत. तुमचा फॉर्म कोण बघणार?" असं म्हणून ते स्वतःच हसले आणि टोपण कानात घातलं.

तिला एकच इच्छा होती, की हा माणूस इथून जावा. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं तेव्हा खरं उत्तर हेच निघालं. तिला काळजी वाटली नाही असं नाही. पण ते टोपण, तो कप, कपाच्या काठावरची ती ओली साय, हे लवकरात लवकर नजरेआड व्हावं म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली. फोटोंचा गट निवडला. बदल. दर्जा: पितळ. वेगाची मर्यादा घातली. पडद्यावर प्रश्न आला, खात्री आहे का? तिने हो म्हटलं. मग प्रसिद्धीचा गट हिऱ्यावर नेला. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून, दोन आठवड्यांसाठी.'

साहेब गेले. कप तिथेच राहिला. तिने तो कागदाच्या रुमालात धरून मोरीत नेऊन ठेवला आणि हात दोनदा धुतले.

दोन आठवड्यांनी तिने विचारलं. साहेब म्हणाले, संपादन चालू आहे. महिन्याने विचारलं. साहेब म्हणाले, अध्यक्षांनी बदल सांगितलेत. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या फोटो विभागातून तक्रारी यायला लागल्या होत्या. 'जुना फोटो उघडायला सहा मिनिटं लागतात.' 'जुना फोटो उघडत नाही.' 'कृपया लक्ष द्या.' 'कोणी लक्ष देणार आहे का?' तक्रार संगणकावर यायची आणि ती कोणीतरी उत्तर लिहून बंद करावी लागायची. तिने पहिली तक्रार साहेबांपुढे ठेवली.

"लिहा ना, तपासणी केली, दोष आढळला नाही."

"पण दोष कुठाय ते आपल्याला माहीत आहे."

"दोष कुठाय? तुम्ही दर्जा बदलला. दर्जा म्हणजे दोष नव्हे. मशिन सांगितलेलं काम चोख करतंय. मग दोष आढळला का? नाही आढळला."

यावर उत्तर द्यायला साहेबांच्या टेबलासमोर आणखी पाच मिनिटं उभं राहावं लागलं असतं. टेबलावर काचेखाली खाल्लेल्या बिस्किटांचा चुरा होता आणि त्यात मुंग्या फिरत होत्या. ती खाली आली आणि लिहिलं, 'तपासणी केली, दोष आढळला नाही.' पुढच्या तक्रारीला तेच वाक्य उचलून चिकटवलं. तिसरीपासून तर हात आपोआप चालायला लागला. दोन महिन्यांत अशा एक्केचाळीस तक्रारी आल्या, मग येणं थांबलं. तिला हायसं वाटलं. लोकांना सवय झाली असेल, असं तिने धरून चाललं. सवय कशाची झाली, हे तिने विचारलं नाही.

घरी ती आणि आत्या दोघीच असायच्या. आई लहानपणीच गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. आत्याने तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चष्म्याचा नंबर आणि जिभेचा नंबर दोन्ही त्यात वाढले, असं ती स्वतःच सांगायची. दरवर्षी आत्याच्या स्तनांची तपासणी व्हायची. त्यांच्या घराण्यात बायकांना हा आजार होता, आत्याची थोरली बहीण त्यातच गेली होती. तक्रारी थांबल्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याची तपासणी झाली. रिपोर्ट आला, 'मागील फोटोच्या तुलनेत फरक नाही.' आत्या खूश होऊन घरी आली आणि संध्याकाळी दोघी मुद्दाम लांबच्या बागेत फिरायला गेल्या.

त्यानंतर पाच महिन्यांनी, अंघोळ करताना, आत्याच्या बोटांना गाठ लागली.

या वेळी फोटो झाल्यावर फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी दोघींना आतच बोलावलं. साठीच्या बाई, केस बारीक कापलेले, टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या. खोलीत अंधार होता आणि दोन मोठे पडदे शेजारी शेजारी. एका पडद्यावर आत्याचा नवा फोटो, दुसरा काळा.

"मागचे फोटो मागवलेत," डॉक्टर म्हणाल्या. "बसा. वेळ लागतो."

काळ्या पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी होती. ती मुंगीच्या पावलाने भरत होती. थांबायची. परत सरकायची. डिस्कताई त्या पट्टीकडे बघत राहिली. ती मर्यादा तिने स्वतःच्या हाताने घातली होती. आकडासुद्धा तिला पाठ होता. आत्याने खुर्चीत मांडी बदलली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. सहा मिनिटं ही किती असतात हे तिला तोवर माहीत नव्हतं.

फोटो उघडले. एक पाच महिन्यांपूर्वीचा, एक त्याच्या मागच्या वर्षीचा. डॉक्टर पुढे झुकल्या, पुन्हा मागे झाल्या, चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"इथे बघा," त्या म्हणाल्या. पेन्सिलीचं टोक आधी एका फोटोवर, मग दुसऱ्यावर टेकवलं. "ही मागच्या तपासणीच्या वेळी होती. एवढीशी. त्याच्या आदल्या वर्षी नव्हती."

"पण तुम्ही तर लिहिलं होतंत, फरक नाही," आत्या म्हणाली.

"मी लिहिलं होतं."

"फरक दिसला नाही, की बघितलाच नाही?"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बघितला नाही. दिवसाला ऐंशी फोटो असतात. प्रत्येकीचा जुना फोटो उघडायला सहा मिनिटं. हिशोब तुम्हीच करा. पहिले दोन महिने उघडत होतो, रात्री आठ आठ वाजेपर्यंत बसत होतो. खाली तळघरात तक्रार केली. एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी एकच उत्तर, तपासणी केली, दोष आढळला नाही. शेवटी आम्ही जुने फोटो उघडणं सोडून दिलं. नव्यात काही ठळक दिसलं तरच जुना मागवायचा. चूक माझी आहे, मी ती खाली ढकलत नाहीये. पण त्या तळघरात कोण माणसं बसवलीत, मला एकदा बघायचंय."

आत्या एकदम वळली. तिच्या चेहऱ्यावर मदत सापडल्याचा आनंद होता.

"अहो, ही तळघरातच असते! ही माझी भाची. ही बघेल की, काय झालंय ते. हो की नाही गं?"

डॉक्टरांनी भाचीकडे पाहिलं. नजर तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली आणि तिथेच थांबली.

"बघते," डिस्कताई म्हणाली.

आत्याला घरी सोडून ती परत आली. वेळ दुपारी तीनची. तिने आधी प्रसिद्धीचा गट उघडला. हिऱ्याचा दर्जा, सगळ्यांत जलद डिस्क, आणि वापर शून्य. तिला वाटलं पडदा अडकला असेल. तिने मागचे महिने बघितले. फिल्म पहिल्या पाच आठवड्यांतच पूर्ण झाली होती. त्यानंतर पाच महिन्यांहून जास्त काळ त्या गटाला कोणी हातही लावला नव्हता. आत फिल्मच्या अकरा प्रती होत्या: 'शेवटची', 'शेवटची खरी', 'अध्यक्षांना दाखवलेली', 'अध्यक्षांना न दाखवलेली'. आणि एका कप्प्यात अध्यक्षांचं एकच वाक्य त्रेसष्ट वेळा चित्रित केलेलं होतं.

तिने एक उघडलं. क्षणात उघडलं, बोट उचलायच्या आत. अध्यक्ष कोचावर बसले होते. "रुग्ण हेच आमचं कुटुंब आहे," ते म्हणाले, मग "जमलं का?" म्हणाले, मग करंगळीच्या नखाने दातातलं काहीतरी काढलं, ते बघितलं आणि कोचाच्या कापडाला पुसलं. कॅमेरा चालूच होता. "रुग्ण हेच आमचं कुटुंब आहे."

ती उठून मोरीपाशी गेली आणि वाकून उभी राहिली, पण उलटी झाली नाही. तिला अध्यक्षांची शिसारी आली, साहेबांची आली. ती शिसारी जुनी होती, सोयीची होती. तिच्याखाली आणखी एक होती. एक्केचाळीस वेळा चिकटवलेलं ते वाक्य तिच्या हातांनी लिहिलं होतं, आणि ते हात आता तिच्यासमोर मोरीच्या काठावर टेकलेले होते. तिला ते स्वतःचे वाटेनात.

ती परत बसली. प्रसिद्धीचा गट पितळेवर टाकला. फोटोंचा गट हिऱ्यावर घेतला. वेगाची मर्यादा काढली. खात्री आहे का? हो. शेऱ्यात लिहिलं, 'मूळ स्थिती परत. जुने फोटो उघडत नसल्याने पेशंटना धोका.' तीन मिनिटं लागली.

अर्ध्या तासात साहेबांचा फोन आला. गटात बदल झाला की त्यांना संदेश जायचा. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तो वाचला असावा.

"कोणाला विचारून केलंत हे?" ती केबिनमध्ये शिरताच ते म्हणाले. "फॉर्म कुठाय?"

तिला हसू आलं, आणि ते हसू वेळेवर आवरता आलं नाही.

"हसताय काय? असं मनाला येईल तेव्हा कोणी गट बदलले तर कामं कशी चालायची? आणि हा काय शेरा आहे? 'पेशंटना धोका'? हे कायमचं नोंदीत राहतं, कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच लिहिलंय."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "बसा ताई. हे बघा. कोणाला काही झालंय का?"

"माझ्या आत्याला झालंय. तिच्याआधी कोणाकोणाला, ते मला माहीत नाही. बघावं लागेल."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं तिला वाटलं. ते जास्तच वाईट होतं. "मग तर तुम्ही भावनेच्या भरात आहात. ऐका. जुन्या शेऱ्यात माझं नाव आहे, ते काढा. मागच्या तारखेचा फॉर्म भरू, फोटो विभागाची संमती होती असं लिहू. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. बदल माझ्या नावाने झाला नाही. बटण तुम्ही दाबलंय."

टोपण त्यांच्या बोटांत फिरत होतं. त्याच्या टोकाला काहीतरी पिवळं लागलेलं होतं. याच माणसाची किळस येते म्हणून ती दर वेळी लवकर उठून गेली होती, आणि दर वेळी जाताना त्याचं म्हणणं मान्य करून गेली होती. आज ती बसून राहिली.

"बटण मी दाबलं," ती म्हणाली. "शेरा तसाच राहील. दोन्ही राहतील."

दुसऱ्या दिवशी तिला लेखी ताकीद मिळाली: विहित फॉर्म न भरता साठवणुकीच्या गटात बदल केल्याबद्दल. ताकीद दुसऱ्या बदलाबद्दल होती. पहिल्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

ताकीद खिशात घालून ती तिसऱ्या मजल्यावर गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकून घेत होत्या, मध्येच एकदा "शी" म्हणाल्या, तेवढंच. मग विचारलं, "कुठल्या बाईचा जुना फोटो उघडला नाही, हे तुला काढता येईल?"

"येईल. कुठला फोटो कधी उघडला याची नोंद असते."

"मग काढ. रडत बसू नकोस इथे."

यादी दोन हजार तीनशे बायकांची निघाली. डॉक्टर आणि त्यांचे दोन सहकारी रोज कामाआधी दोन तास येऊन बसायला लागले. आता जुना फोटो दोन सेकंदांत उघडत होता. डिस्कताई शेजारी बसून पुढचं नाव काढून द्यायची. पहिल्या आठवड्यात काहीच सापडलं नाही आणि तिला आशा वाटायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तीन सापडल्या. सगळं संपलं तेव्हा आत्या धरून नऊ जणी होत्या.

ही गोष्ट वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही, आणि पोचली ती वेगळीच होऊन. महिन्याभरात दर्शनी भागात फलक लागला: 'महिलांच्या आरोग्यासाठी विशेष पुनर्तपासणी मोहीम'. फलकावर अध्यक्षांचा फोटो होता. 'साठवण व्यवस्थेत केलेल्या क्रांतिकारी सुधारणेमुळे जुने फोटो आता दोन सेकंदांत' अशी खाली ओळ होती आणि सुधारणेचं श्रेय टोपणसाहेबांना दिलं होतं. त्यांना एक छोटा समारंभ करून मानचिन्ह दिलं. तिने लांबून बघितलं. साहेबांनी मानचिन्ह घेतलं, हात मिळवले, आणि ज्यांच्या ज्यांच्याशी हात मिळवले ते नंतर नकळत हात पँटला पुसत होते.

नऊ जणींना पत्रं गेली. आत्याचं पत्र घरी आलं तेव्हा आत्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. जखमेतलं पाणी उतरायला बाजूला नळी होती, नळीच्या टोकाला पिशवी. आत्याने पत्र वाचलं, चष्मा सारखा केला, आणि पुन्हा वाचलं.

"'आमच्या अत्याधुनिक मोहिमेत आपला आजार वेळेत लक्षात आला.'" तिने मोठ्याने वाचलं. "वेळेत? लाल पेन्सिल दे गं जरा."

"आत्या, थांब. मला तुला काहीतरी सांगायचंय."

तिने सांगितलं. आत्या आजारी आहे, आत्ता नको, ऑपरेशन होऊ दे, टाके निघू देत, असं म्हणत म्हणत तिने इतके दिवस हे घोंगडं भिजत ठेवलं होतं. आता साहेबांपासून सुरुवात केली, फिल्मचं सांगितलं, त्रेसष्ट वेळा म्हटलेल्या वाक्याचं सांगितलं. आत्या मध्येच म्हणाली, "त्या लोकांचं राहू दे. तुझं सांग."

तेव्हा तिने स्वतःचं सांगितलं. दर्जा बदलल्याचं. मर्यादा घातल्याचं. आणि एक्केचाळीस तक्रारींचं.

"दर वेळी तेच वाक्य?"

"हो."

"वाचायचीस तरी का, समोरची तक्रार?"

"पहिल्या काही वाचल्या."

आत्याने पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. मग म्हणाली, "बटण दाबलंस, ते एक वेळ मी समजू शकते. वरचा माणूस सांगतो, खालचा करतो. मीही छापखान्यात नको ते छापू दिलंय. पण खोटं वाक्य एक्केचाळीस वेळा? माझ्या घरात वाढून?" तिने तोंड वाकडं केलं, कडू औषध तोंडात गेल्यासारखं. "जा बाहेर. तुझ्याकडे बघवत नाही आत्ता."

सहा दिवस आत्या तिच्याशी बोलली नाही. पिशवी रिकामी करायला शेजारच्या काकूंना बोलवायची. भाचीने केलेलं खायची, पण ताट तिने उचललेलं चालायचं नाही. एका हाताने धडपडत स्वतः उचलायची. सातव्या दिवशी काकू गावाला गेल्या. दुपारपर्यंत पिशवी भरली. आत्याने दोनदा स्वतः प्रयत्न केला, हात पोचला नाही, आणि थोडं चादरीवर सांडलं. खोलीत गोडसर, शिळा वास पसरला.

"ये," आत्या म्हणाली. "नाक मुरडायचं नाही."

तिने पिशवी सोडवली, रिकामी केली, नळीभोवतीची पट्टी बदलली. तिने मान वळवली नाही. काम संपेपर्यंत आत्या तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत होती.

"बाकीच्या आठ जणींना कोणी सांगितलंय का?" आत्याने विचारलं.

"पत्र गेलंय."

"पत्राचं नाही विचारलं मी."

"नाही सांगितलं."

"मग?"

आत्याने उशीखालचं पत्र काढून तिच्या हातात दिलं. त्यावर लाल खुणा होत्या. 'अत्याधुनिक' खोडलं होतं, 'मोहीम' खोडलं होतं, 'वेळेत' खोडून समासात 'पाच महिने उशिरा' लिहिलं होतं, आणि खाली सही ठोकली होती. ते भाचीने दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या कार्यालयात नेऊन दिलं आणि पोच घेतली. पोच देणाऱ्या कारकुनाने पत्र वाचलं, दार बंद आहे ना बघितलं, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेवली.

मग ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांना पटवावं लागलं नाही, त्या म्हणाल्या, "मी एकटीने सांगायचं ठरवलंच होतं. तू येत असशील तर ये. पण तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. नाहीतरी ते कपाट आता बघवत नाही मला."

नोकरी लगेच गेली नाही. तिला तळघरातून काढून जुन्या कागदांच्या गोदामात बसवलं, आणि डिस्कच्या खोलीत साहेबांनी आपल्या मर्जीतला एक माणूस आणला. त्याने पहिल्याच दिवशी कपाटावर डबा उघडून जेवण केलं म्हणे.

आठ जणींना एकेक करून बोलावलं. डॉक्टरांची तीच अंधारी खोली, पण दिवे लावलेले. डॉक्टर आपली चूक सांगायच्या, मग ती आपली सांगायची. दोन जणींना नीट कळलं नाही आणि त्यांनी उलट आभार मानले. तेव्हा त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं, ते सगळ्यांत अवघड गेलं. एकीच्या नवऱ्याने टेबलावर मूठ आपटली. एक शिक्षिका होती, ती वहीत सगळं उतरून घेत राहिली आणि शेवटी तारखा विचारून गेली.

पाचवी बाई भाजीच्या दुकानात काम करायची. हातांना मातीचा वास होता. तिने दोघींचं शेवटपर्यंत ऐकलं. मग डॉक्टरांना काही न म्हणता डिस्कताईकडे वळली.

"माझ्यावरून पण तक्रार गेली होती का?"

"नावाने नाही. पण त्या दिवसांतली एक असेल."

"आणि तुम्ही लिहिलंत, काही दोष नाही."

"हो."

"शी," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. खराब निघालेल्या भाजीला म्हणावं तसं म्हणाली. "लिहिताना तुम्हाला कसंसं नाही झालं?"

"तेव्हा नाही झालं," ती म्हणाली.

बाईने पर्स उचलली, दारापर्यंत गेली, तिथे थांबून डॉक्टरांना पुढच्या तपासणीची तारीख विचारली आणि निघून गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. तिने यादीवर खूण केली आणि सहाव्या बाईला आत बोलवायला उठली.